पेल्यातील पालेभाजी

बिदर जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या औरादच्या बाजारात हिवाळ्यातील एखाद्या सकाळी फेरफटका केला, तर पोत्यांवर मांडलेल्या हिरव्या जुड्यांनी डोळे निवतात. मेथी, पालक, चुका, चाकवत, करडई, राजगिरा, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, कोथिंबीर, पुदिना. आणि पावसाळा नुकताच सरला असेल तर अंबाडीही. हा मुलूख दोन भाषांचा आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे गेले आणि औराद कानडी राज्यात राहिले. परंतु सीमारेषा नकाशावर ओढली गेली, भाजीच्या पाटीवर नव्हे. भाजीवाली एका गिऱ्हाइकास अंबाडी म्हणून जी जुडी देते, तीच दुसऱ्यास पुंडी म्हणून देते, आणि दोघांच्याही घरी ती ज्वारीच्या भाकरीबरोबरच पानात पडते.

या जुड्यांना अलीकडे एक नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. हैदराबाद, पुणे, बंगळूर येथे नोकरीनिमित्त राहून आलेली तरुण मंडळी पालेभाजी शिजविण्याऐवजी ती मिक्सरमध्ये फळांबरोबर वाटून पितात. या दाट पेयाला ते स्मूदी म्हणतात. शब्द परका असला तरी कल्पना अगदीच परकी नाही. ज्वारीचे पीठ आंबवून केलेली अंबील या भागात पिढ्यान् पिढ्या प्याली जाते, आणि पाट्यावर वाटलेली कोथिंबीर ताकात कालवून पिणे कोणाही गृहिणीस नवे नाही. नवे आहे ते एवढेच की, ज्या पाल्याला आजवर चुलीवरून जावे लागे तो आता थेट पेल्यात उतरू लागला आहे. आणि विचार करावयाचा तो याच फरकाचा.

एखाद्या घरातील हा प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. सून हैदराबादेहून आलेली. शाळेत जाणारी तिची मुलगी सकाळी उठल्यापासून मरगळलेली, जिना चढताच धापा टाकणारी. दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा ते कमी भरले. सुनेने मिक्सर काढला आणि रोज सकाळी पालकाची एक अख्खी जुडी कच्चीच वाटून मुलीस पाजण्याचा परिपाठ सुरू केला. सासूबाई दारात बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "पाला गुरांनी खावा, बाई; माणसानं भाजी खावी." सून म्हणाली, "आत्याबाई, शिजवलं की त्यातलं सगळं सत्त्व जातं. पालकात लोह असतं, पोरीच्या अंगी रक्त भरेल." या संवादात कोण बरोबर, असे विचारले तर दोघीही थोड्याथोड्या बरोबर आहेत, परंतु सुनेची मोठी चूक होत आहे आणि ती मुलीच्या प्रकृतीशी निगडित आहे, म्हणून तिचाच विचार आधी केला पाहिजे.

पालक म्हणजे लोहाची खाण, ही समजूत जगभर आहे. आपल्याकडील जुन्या आहारकोष्टकांतही 100 ग्रॅम पालकात सुमारे 11 मिलिग्रॅम लोह असल्याचे छापलेले असे. पुढे मोजणी सुधारली आणि हा आकडा 1 ते 3 मिलिग्रॅमवर आला. ही कोष्टके करणारी संस्था औरादपासून फार दूर नाही. 1918 साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या हाताखाली एका खोलीत सुरू झालेले हे संशोधन 1958 साली हैदराबादेस आले आणि 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. आता 50 ग्रॅम पालकात दीड मिलिग्रॅमच्या आतबाहेर लोह आहे असे धरले, तरी वनस्पतीतील लोहापैकी शरीर घेते ते फारच थोडे. शंभरात पाच ते दहा भाग, असा ढोबळ अंदाज सांगता येईल. म्हणजे मुलीच्या रक्तापर्यंत पोचणार ते एका मिलिग्रॅमचा दहावा भाग, फार तर थोडे अधिक. उलट, शाळेत आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असते. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वर्षे वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 57 स्त्रियांचे रक्त कमी आढळले. अशा स्थितीत हिरवे पेय मिळते म्हणून गोळी चुलीत टाकणारी मुलगी स्वतःचे नुकसान करून घेते. रक्त फारच कमी असेल तर वैद्य सांगतील ते औषध घ्यावयाचे. पेला हा त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नव्हे.

मग पाल्यात आहे तरी काय? पुष्कळ आहे, परंतु ते सर्व पाल्यांत सारखे नाही. हैदराबादच्या संस्थेच्या, सर्वत्र वापरल्या गेलेल्या जुन्या कोष्टकाप्रमाणे 100 ग्रॅम शेवग्याच्या पानांत 440 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 220 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे. राजगिरा-माठाच्या वर्गातील पाल्यात हे आकडे 397 आणि 99, मेथीत 395 आणि 52, हरभऱ्याच्या पाल्यात 340 आणि 61, कोथिंबिरीत 184 आणि 135. आणि ज्या पालकासाठी शहरातील माणूस बाजारभर हिंडतो त्यात? कॅल्शियम 73, क जीवनसत्त्व 28. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या नव्या कोष्टकात काही आकडे खाली आले, माठ शेवग्याच्या किंचित पुढे गेला, परंतु पालक होता तेथेच तळाशी राहिला. प्रथिनांचीही तीच गोष्ट. शेवग्याच्या पानांत 100 ग्रॅमास पावणेसात ग्रॅम, हरभऱ्याच्या पाल्यात 7 ग्रॅम, पालकात अवघे 2. परसातील शेवग्याच्या शेंगा काढून पाने शेळीस टाकावयाची आणि पालक विकत आणावयाचा, हा व्यवहार कोणत्या हिशेबाने केला जातो हे समजणे कठीण आहे. शेळी मात्र आपल्या हिताचे जाणते.

केवळ कोष्टकातील आकडा पाहूनही भागत नाही. पालक, चुका आणि राजगिरा-माठ यांत ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते. जिभेवर पालक खाल्ल्यानंतर जो खरखरीतपणा राहतो आणि दात आंबल्यासारखे वाटतात, तो याचाच प्रताप. हे आम्ल कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते. दुधातील कॅल्शियमपैकी पाव हिश्शाहून थोडे अधिक अंगी लागते, तर पालकातील जेमतेम विसावा हिस्सा. तेव्हा माठाचा आकडा कितीही मोठा दिसला तरी तो सर्वच्या सर्व खात्यावर जमा होत नाही. मेथीत हे आम्ल कमी असते, म्हणून कॅल्शियमच्या दृष्टीने मेथी अधिक भरवशाची.

ऑक्झॅलिक आम्लाचा दुसरा उपद्रव मूत्रपिंडास होतो. त्याचे स्फटिक होऊन मुतखडा बनतो. औरादसारख्या मुलखात उन्हाळा कडक, अंगातील पाणी घामावाटे जाते आणि शेतात राबणारी माणसे दिवसदिवस पुरेसे पाणी पीत नाहीत. मुतखड्यास हे सर्व अनुकूलच असते. शिजवलेली पालकाची भाजी माणूस खाऊन खाऊन किती खाणार? वाटीभर. मिक्सरमध्ये मात्र अख्खी जुडी एका पेल्यात मावते आणि दोन घोटांत पोटात जाते. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात 2018 साली अशा एका 65 वर्षांच्या बाईंची हकीकत प्रसिद्ध झाली आहे. शरीरशुद्धीसाठी म्हणून त्यांनी हिरव्या पेयांचा सपाटा लावला आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांच्या पोटावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती व नुकतीच प्रतिजैविके घेतलेली होती, हे सांगितले पाहिजे. धडधाकट माणसाने पालकाचे नाव ऐकून घाबरावे असे नाही. परंतु रोज, कच्चा आणि जुडीच्या मापाने, हे तीनही प्रकार एकदम करू नयेत.

येथे सासूबाईंचे म्हणणे खरे ठरते. पालक वा माठ उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे टाकून ते पाणी ओतून दिले, तर विरघळणारे ऑक्झॅलिक आम्ल बरेचसे त्या पाण्याबरोबर निघून जाते. त्याबरोबर काही क जीवनसत्त्वही जाते, ही सुनेची तक्रार खोटी नाही. पण त्यावर उपाय अगदी सोपा आहे. क जीवनसत्त्वासाठी पालकावर अवलंबून राहावयाचेच कशाला? पेल्यात अर्धे लिंबू पिळावे, हिवाळ्यात आवळ्याच्या दोन फोडी अगर पिकलेला पेरू घालावा. कोष्टकाप्रमाणे 100 ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम आणि पेरूत 200 मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते. त्याचा आणखी एक उपयोग असा की, या जीवनसत्त्वाच्या संगतीने पाल्यातील लोह शरीराला अधिक घेता येते. चहा याच्या नेमका उलट वागतो. तो लोह अडवून धरतो. हिरवा पेला आणि त्यावर लगेच कपभर चहा, ही सवय असेल तर पेला करण्याचे कष्ट निम्मे वाया गेले असे समजावे. तासाभराचे अंतर ठेवले की झाले.

हिरव्या पानांत आणखी एक द्रव्य आहे, ज्याचा हिरवा रंग कोणाला पत्ता लागू देत नाही. गाजराला रंग देणारे कॅरोटीन ते हेच. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो आणि तो वाढला तर डोळा कायमचा जातो. या कारणाने आपल्या देशात 1970 साली मुलांना अ जीवनसत्त्वाची मात्रा पाजण्याची राष्ट्रीय योजना सुरू करावी लागली. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. तेव्हा निव्वळ पाण्यात वाटलेला पाला पिण्यापेक्षा त्यात मूठभर भिजवलेले शेंगदाणे, चमचाभर तीळ किंवा जवस घालून वाटणे केव्हाही चांगले. वाटण्याने पानांच्या पेशी फुटतात आणि कॅरोटीन मोकळे होते, हा मिक्सरचा खराच फायदा आहे आणि तो मान्य करण्यास हरकत नसावी. मात्र वाटलेले पेय गाळू नये. गाळले की चोथा गेला, आणि चोथ्याबरोबर पोट साफ ठेवणारा तंतूही गेला.

आता या मुलखातील एका खास भाजीविषयी. औरादच्या काळ्या जमिनीत रब्बीला हरभरा पेरतात आणि रोपे वीतभर झाली की त्यांचे शेंडे खुडून भाजी करतात. त्यामुळे झाडाला फुटवेही जास्त येतात. या पानांवर पहाटे जे आंबट दव असते ते फडक्याने टिपून त्याची आंब करण्याची चाल जुनी आहे. हे शेंडे ताकाबरोबर वाटले तर चव फारच सुरेख येते आणि वेगळे आंबट घालावे लागत नाही. पण आज हरभऱ्यावर घाटे अळीसाठी औषध फवारतात. फवारलेल्या रानातील शेंडे खुडले तर ते भाजीतही वाईट आणि कच्च्या पेयात त्याहूनही वाईट. रानभाज्यांचे तर अधिकच कठीण झाले आहे. पावसाळ्यात तांदुळजा, कुरडू, घोळ या भाज्या बांधावर आणि पिकांच्या ओळींत आपसुख उगवत, आणि गरिबाच्या घरी त्यांच्यावर चार दिवस निघत. सोयाबीन आले, त्यामागून तणनाशक आले, आणि या भाज्या तण ठरल्या. जेथे तणनाशक मारले आहे तेथला तांदुळजा हिरवागार दिसला तरी तो आणू नये. ज्या घराच्या परसात चार हात जागा आहे त्या घराने तेथे मेथी, कोथिंबीर व पुदिना लावावा, हे सांगण्यात नवे काही नाही. पण आपल्या पेल्यात काय पडते हे निश्चित माहीत असण्याचा तोच एक मार्ग उरला आहे.

बाजारातून आणलेली जुडी सोडून, मुळे कापून, तीन-चार पाण्यांत धुवावी. तळाशी माती बसेनाशी झाली म्हणजे धुणे पुरे झाले. पुष्कळ भाजी नाल्याच्या काठी, सांडपाण्यावर पिकविलेली असते. तिच्यावरील जंतू आणि जंतांची अंडी शिजवल्याने मरतात, मिक्सरच्या पात्याने मरत नाहीत. म्हणून मुळाची खात्री नसलेली पालेभाजी कच्ची वाटू नये, उकळत्या पाण्यातून काढूनच वाटावी. आधी धुवावी आणि मग चिरावी, हा क्रमही उलटू नये. चिरून धुतलेल्या भाजीतील सत्त्व मोरीत जाते.

अळू या पेयात कधीही घालू नये. त्याच्या पानांत सुईसारखे स्फटिक असतात, ते शिजवून व चिंच घालूनही कधीकधी घशाला खाजवितात. कच्चे तर बोलावयासच नको.

दुधी भोपळ्याविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण तेथे गाठ प्राणाशी आहे. दुधीचा कच्चा रस पिण्याची टूम गेल्या काही वर्षांत घरोघर पोचली आहे. दुधी, काकडी यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाचे कडू विष असते. एरवी ते नगण्य असते, पण एखादे फळ कडू निघते आणि त्यात ते बरेच असते. 2010 साली दिल्लीत असा कडू रस प्यायल्याने एक शास्त्रज्ञ मरण पावले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने सांगितले ते असे की, रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा, कडू लागला तर सबंध दुधी टाकून द्यावा, आणि दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. केळे, मध, पुदिना घातला की कडूपणा झाकला जातो आणि जीभ जी सूचना देत असते ती ऐकू येत नाही. आपल्याकडे "कडू ते औषध" असे म्हणण्याची सवय आहे. कारले आणि मेथीपुरती ती ठीक, दुधीच्या बाबतीत ती जीवघेणी ठरते. रस प्यायल्यावर उलटी, जुलाब, पोटात कळा असे काही झाले तर घरगुती उपाय करीत न बसता सरळ दवाखाना गाठावा.

आता सुनेने पेला करावा तरी कसा? एका माणसासाठी वाटीभर ताक किंवा पातळ दही घ्यावे. त्यात मूठभर पाला. कधी मेथी व कोथिंबीर, कधी उकळत्या पाण्यातून काढलेला पालक किंवा माठ, कधी वाफवलेली शेवग्याची पाने. मेथी कडू, म्हणून तिची अर्धीच मूठ पुरते. पुदिन्याची पाच-सहा पाने आणि कढीपत्त्याची तेवढीच. गोडीसाठी अर्धे केळे, पेरू किंवा पपईची फोड. साखर घालू नये, कारण मग ते सरबत होते. भिजवलेले शेंगदाणे किंवा तीळ, चवीपुरते मीठ, जिरे. वाटून झाल्यावर लिंबू पिळून लगेच प्यावे. सकाळी करून दुपारी पिण्यासाठी झाकून ठेवले तर क जीवनसत्त्व हवेने नासते. एकच भाजी रोज न घेता आलटून पालटून घ्यावी. बाजारात ऋतूप्रमाणे जे स्वस्त असते त्यामागे गेले तरी ही अदलाबदल आपोआप होते. लोहाची गोळी घ्यावयाची असेल तर ती या पेल्याबरोबर घेऊ नये, दह्या-ताकातील कॅल्शियम तिच्या आड येते. गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

हे पेय सर्वांसाठी नाही. ज्यांना मुतखडा झालेला आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी वैद्यांना विचारल्यावाचून ते घेऊ नये. हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्या वृद्धांनीही जपावे. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व अशा काही औषधांच्या उलट काम करते, आणि आज जुडीभर व उद्या काहीच नाही अशी धरसोड केली तर औषधाचा हिशेब चुकतो. मधुमेही माणसाने केळ्याऐवजी काकडी घालावी, तीही चाखून.

आणि पेला केला म्हणून भाजीभाकरी सुटली, असेही होऊ देऊ नये. ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवलेली अंबाडी, लोखंडी कढईत परतलेली मेथी, ताकातला चाकवत यांनी या मुलखाला आजवर पोसले आहे. लोखंडी कढईतील आंबट भाजीत कढईचे लोहही थोडे उतरते, हे सुनेच्या मिक्सरला कधी जमणार नाही.

मार्च उलटला की औरादच्या बाजारातील जुड्या लहान आणि महाग होत जातात. विहिरी तळाला जातात, मेथी पिवळी पडते. त्या दिवसांत विहिरीकाठचा शेवगा मात्र पानांनी भरलेला असतो. त्याची कोवळी पाने धुऊन, उन्हात नव्हे तर सावलीत वाळवावीत, कारण उन्हाने कॅरोटीन नासते. मग कुटून डब्यात भरून ठेवावीत. क जीवनसत्त्व वाळवण्यात बहुतेक जाते, पण कॅल्शियम आणि प्रथिने राहतात. दुपारच्या ताकात या भुकटीचा एक चमचा, जिरे आणि मीठ घातले तर मिक्सरही लागत नाही; रवी पुरते, आणि ते काम सासूबाई आनंदाने करतात.